नाक दाबणारे पक्ष

२८ मार्च १९७९ची रात्र. वेस्टमिन्स्टरच्या कॉमन्स सभागृहात पंतप्रधान जेम्स कॅलहन यांच्या मजूर सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव मताला पडणार होता आणि दोन्ही मोठ्या पक्षांचे प्रतोद दिवसभर बोटांवर खासदार मोजत होते. १९७४च्या ऑक्टोबरात मिळालेले तीन जागांचे बहुमत पोटनिवडणुकांमध्ये केव्हाच संपले होते. सरकार जगणार की पडणार, हे मजूर आणि हुजूर यांच्या नव्हे, तर मूठभर इतरांच्या हाती होते.

या इतरांमध्ये कोण कोण होते? स्कॉटिश नॅशनल पार्टीचे अकरा खासदार. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी की नको, यावर त्याच महिन्याच्या एक तारखेला सार्वमत झाले होते. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी होकार दिला. पण एकूण मतदारांच्या ४० टक्के होकार हवा, ही अट कायद्यात घालून ठेवलेली होती, आणि ती घातली होती एका मजूर खासदारानेच. विधानसभा हुकली, एसएनपी खवळली. वेल्सचा प्लाइड कम्री हा तीन खासदारांचा पक्ष मात्र सरकारच्या बाजूने उभा राहिला. पाटीच्या दगडाच्या खाणीत राबून फुप्फुसे निकामी झालेल्या वेल्श कामगारांना नुकसानभरपाई मिळावी, ही त्यांची मागणी सरकारने मान्य केली होती. लिबरल पक्षाने वर्षभरापूर्वी सरकारला टेकू दिला होता. आता तो विरोधात होता. उत्तर आयर्लंडचे जेरी फिट एरवी मजूर पक्षाचे हक्काचे मत, पण या वेळी तेही फिरले. आणि फर्मानाहून फ्रँक मॅग्वायर आले. हे गृहस्थ पब चालवत. सभागृहात क्वचित दिसत. त्या दिवशी ते लंडनपर्यंत प्रवास करून आले आणि आपण तटस्थ राहण्यासाठी जातीने आलो आहोत, असे त्यांनी जाहीर केले.

मजूर पक्षाचे आल्फ्रेड ब्रॉटन मरणासन्न होते. अँब्युलन्समधून संसदेच्या आवारापर्यंत त्यांना आणले असते, तर त्यांचे मत धरता आले असते. पण तो प्रवास त्यांना सोसणार नाही, म्हणून आणले नाही. एका बाजूचा आजारी सदस्य गैरहजर असेल तर दुसऱ्या बाजूनेही एक सदस्य बाहेर ठेवायचा, असा तिथला जुना रिवाज. मजूर पक्षाचे उपप्रतोद वॉल्टर हॅरिसन यांनी हुजूर पक्षाच्या बर्नार्ड वेदरिल यांना त्याची आठवण दिली. एवढ्या निर्णायक मतदानात तो रिवाज लागू होत नाही, असे वेदरिल म्हणाले. पण शब्दाला जागून मी स्वतः मतदान करत नाही, अशी तयारीही त्यांनी दाखवली. त्यांचे राजकीय आयुष्य त्यात संपले असते. हॅरिसन यांनी त्यांना मोकळे केले. निकाल लागला ३११ विरुद्ध ३१०. एका मताने सरकार कोसळले. पाच आठवड्यांनी मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या आणि हुजूर पक्ष सलग अठरा वर्षे सत्तेत बसला.

नाताळ लवकर यावा म्हणून टर्की कोंबड्यांनीच मतदान केल्याचा प्रकार इतिहासात प्रथमच घडतो आहे, असा टोमणा कॅलहन यांनी त्या चर्चेत एसएनपीला मारला होता. तो शब्दशः खरा ठरला. निवडणुकीत एसएनपीचे अकराचे दोन झाले. वेल्सच्या खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा मात्र त्याच वर्षी झाला.

ब्रिटिश राजकारण म्हणजे दोन पक्षांचा सामना, अशी आपल्याकडे पाठ्यपुस्तकी समजूत आहे. १९५१ साली ती जवळपास खरी होती. त्या निवडणुकीत सुमारे ९७ टक्के मते मजूर आणि हुजूर या दोघांनाच पडली. (मजूर पक्षाला जास्त मते आणि हुजूर पक्षाला जास्त जागा मिळून चर्चिल परत आले, ही त्यातली गंमत.) पण त्याआधी आणि त्यानंतरही लहान पक्ष तिथे कायम आहेत आणि त्यांनी त्या देशाला दिलेली वळणे थोडीथोडकी नाहीत. त्यांचा हिशेब जागांवरून मात्र मांडता येत नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे ज्या लहान पक्षाला कळले त्याने काम साधले. जो खुर्चीवर जाऊन बसला, तो बहुतेक वेळा पोळला.

जागांवरून हिशेब का मांडता येत नाही, यासाठी २०१५ची निवडणूक पुरेशी आहे. एसएनपीला त्या वेळी सुमारे साडेचौदा लाख मते मिळाली आणि जागा ५६. नायजेल फराज यांच्या युरोपविरोधी यूकिप पक्षाला ३८ लाखांहून अधिक मते मिळाली आणि जागा एक. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत आपणही तिथूनच उचललेली असल्यामुळे कारण समजावून सांगायला नको. एसएनपीची मते स्कॉटलंडच्या ५९ मतदारसंघांत एकवटलेली, यूकिपची देशभर विखुरलेली. १९८३ साली लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीने २५.४ टक्के मते घेतली. मजूर पक्षाला २७.६ टक्के. जागा अनुक्रमे २३ आणि २०९.

आता या खेळाच्या पहिल्या मोठ्या खेळाडूकडे वळू. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. १८८५च्या निवडणुकीत त्यांच्या आयरिश पक्षाने ८६ जागा मिळवल्या आणि लिबरल नेते ग्लॅडस्टन यांना सरकार चालवायचे तर पार्नेलना विचारल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक ग्लॅडस्टननी १८८६ साली आणले, ते पडले, आणि त्यांच्या लिबरल पक्षाची दोन शकले झाली. आयरिश खासदारांना स्वराज्य मिळाले नाही, पण ब्रिटनचा एक मोठा पक्ष त्यांनी उभा चिरला. पुढे १९१०च्या दोन्ही निवडणुकांनंतर लिबरल सरकार पुन्हा आयरिश पाठिंब्यावर आले. लॉर्ड्स सभागृहाचा नकाराधिकार काढून घेणारा १९११चा कायदा झाला, त्यामागे आयरिश खासदारांचा रेटा होता. कारण लॉर्ड्सची आडकाठी दूर झाल्याखेरीज स्वराज्याचे विधेयक संमत होणे शक्य नव्हते.

मुंबईचा संबंध इथेच येतो. १८९२ साली ग्लॅडस्टन पुन्हा आयरिश टेकूवर सत्तेत आले, त्याच निवडणुकीत लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून एल्फिन्स्टन कॉलेजचे माजी प्राध्यापक दादाभाई नौरोजी लिबरल पक्षाकडून निवडून आले. मताधिक्य फेरमोजणीअंती पाच. काळ्या माणसाला इंग्लिश मतदार निवडून देणार नाहीत, अशा अर्थाचे विधान पंतप्रधान सॉल्झबरी यांनी चार वर्षांपूर्वी केले होते. त्याने दादाभाईंची प्रसिद्धी उलट वाढली. दादाभाई आयरिश स्वराज्याचे उघड समर्थक होते. आयर्लंडला जे लागू ते हिंदुस्थानला का नाही, हा प्रश्न त्यामुळे त्यांना सभागृहात उभे राहून विचारता येत होता. १८९३ साली सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी, असा ठराव कॉमन्सने मंजूर केला, तो याच काळात. सरकारने तो बासनात गुंडाळला, ही गोष्ट वेगळी.

दादाभाईंनंतर मुंबईचेच दुसरे पारशी, मंचरजी भावनगरी, १८९५ साली बेथनल ग्रीनमधून निवडून आले, तेही हुजूर पक्षाकडून. आणि तिसरे शापूरजी सकलातवाला: जमशेटजी टाटांचे भाचे आणि कम्युनिस्ट. १९२२ साली उत्तर बॅटर्सीमधून ते मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर जिंकले. पुढे मजूर पक्षाने कम्युनिस्टांना दारे बंद केली, तेव्हा १९२४ साली ते निव्वळ कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले आणि पुन्हा जिंकले. एकाच शहरातल्या एकाच छोट्या समाजाचे तीन खासदार, तीन पक्षांतून.

मजूर पक्ष हा या सगळ्या कहाणीतला अपवाद आहे. १९०० साली स्थापना झाली, तेव्हा त्याचे दोन खासदार निवडून आले. १९०३ साली रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी लिबरल पक्षाशी गुपचूप तह केला: काही मतदारसंघांत तुम्ही उमेदवार देऊ नका, आम्ही हुजूरांना पाडतो. लिबरलांना तो सौदा स्वस्त वाटला. १९०६ साली ते जवळपास ४०० जागा जिंकून आले आणि मजूर पक्षाचे २९ खासदार झाले. आपल्याच परसात आपण काय लावले आहे, हे लिबरलांना उमगेपर्यंत उशीर झाला होता. महायुद्धात ॲस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज या लिबरल नेत्यांत फूट पडली, १९१८ साली सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना मताधिकार मिळाला, कामगार संघटनांचा पैसा आणि माणसे मजूर पक्षाकडे होतीच.

१९१८च्या अखेरीस लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. आले होते चिरोल या इंग्रज पत्रकाराविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी. तो ते हरले. पण त्या मुक्कामात त्यांनी मजूर पक्षाच्या नेत्यांशी संधान बांधले, पक्षाच्या निधीला देणगीही दिली. त्या वेळी हा पक्ष सत्तेच्या आसपासही नव्हता. टिळकांची पारख अचूक होती, असेच म्हणावे लागते. पाच वर्षांनी, जानेवारी १९२४मध्ये, मॅकडोनाल्ड पंतप्रधान झाले. त्यांना तिथे बसवले तिसऱ्या क्रमांकावर घसरलेल्या, १५८ खासदारांच्या लिबरल पक्षाने. दहा महिन्यांत पुन्हा निवडणूक झाली आणि लिबरलांचे ४० उरले. दुसऱ्याला घोड्यावर बसवून स्वतः पायी चालणाऱ्याचे जे होते ते झाले. आणि सत्तेतला मजूर पक्ष? विनाचौकशी कैदेत टाकण्याचे अधिकार देणारा बंगालचा वटहुकूम ऑक्टोबर १९२४चा, म्हणजे मॅकडोनाल्ड पंतप्रधान असतानाचा. हिंदुस्थानला त्या पक्षाच्या दुसऱ्या पंतप्रधानाची, १९४५च्या ॲटलींची, वाट पाहावी लागली. कारण मॅकडोनाल्ड दोनदा आले आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःचे बहुमत नव्हते.

एका मोठ्या पक्षाची जागा लहान पक्षाने घ्यावी, असे शंभर वर्षांत पुन्हा झाले नाही. पण जागा न मिळवता धोरण बदलण्याचे उदाहरण त्याहूनही मोठे आहे.

युरोपीय संघाशी नाते कसे असावे, यावर सार्वमत घ्या, या एकाच मागणीसाठी जेम्स गोल्डस्मिथ या धनाढ्य उद्योजकाने १९९७ साली रेफरेंडम पार्टीतर्फे देशभर उमेदवार उभे केले. आठ लाखांवर मते मिळाली, जागा शून्य. गोल्डस्मिथ त्याच वर्षी वारले. त्यांचे मतदार आणि मुद्दा, दोन्ही यूकिपने उचलले. पण जिंकायचे कुठे? उत्तर युरोपनेच पुरवले. १९९९ साली ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुका प्रथमच प्रमाणशीर पद्धतीने झाल्या आणि यूकिपचे तीन सदस्य निवडून गेले. त्यांत फराज होते. ज्या संसदेचे अस्तित्वच मान्य नाही, तिच्याच पगारावर आणि भत्त्यांवर त्यांनी पक्ष पोसला, तिच्याच व्यासपीठावरून भाषणे ठोकून प्रसिद्धी मिळवली.

हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन यांना आपले मतदार यूकिपकडे सरकताना दिसत होते. आपल्याच मागच्या बाकांवरची कुजबुजही ऐकू येत होती. जानेवारी २०१३मध्ये त्यांनी सार्वमताचे आश्वासन दिले. वादळ शमेल, अशी अपेक्षा होती. २०१४च्या युरोपीय निवडणुकीत यूकिप थेट पहिल्या क्रमांकावर आला. मजूर आणि हुजूर सोडून तिसऱ्याच पक्षाने देशव्यापी निवडणूक जिंकण्याचा प्रसंग शंभर वर्षांत आला नव्हता. २०१५ साली कॅमेरॉन यांना निसटते का होईना बहुमत मिळाले आणि तिथेच ते अडकले. लिबरल डेमोक्रॅट २०१०प्रमाणे पुन्हा सरकारात सोबत असते, तर सार्वमताला त्यांचा विरोध आहे, अशी सबब सांगता आली असती. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी युरोप सोडण्याचा कौल दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला. त्या दिवशी कॉमन्समध्ये यूकिपचा एकच खासदार होता, आणि तोही मूळचा हुजूर.

हेच पुन्हा २०१९ साली घडले. फराज यांनी ब्रेक्झिट पार्टी काढली आणि काही आठवड्यांतच ती युरोपीय निवडणुकीत २९ जागा घेऊन पहिली आली. सत्ताधारी हुजूर पक्ष ८.८ टक्के मतांसह पाचवा. मतदान आणि मतमोजणी यांच्यामधल्या दिवसांतच पंतप्रधान टेरिसा मे यांनी पायउतार होत असल्याचे सांगितले होते. डिसेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत फराज यांनी हुजूर पक्षाच्या ताब्यातल्या ३१७ जागांवर उमेदवार दिले नाहीत. नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना ८० जागांचे बहुमत मिळाले, ब्रेक्झिट पार्टीला एकही जागा नाही.

याच्या उलट निक क्लेग यांची गोष्ट. २०१० साली लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे ५७ खासदार होते, सभागृह त्रिशंकू, दोन्ही मोठे पक्ष दारात. क्लेग हुजूर पक्षासोबत सरकारात गेले, उपपंतप्रधान झाले. निवडणुकीपूर्वी त्यांच्या उमेदवारांनी विद्यापीठांची शुल्कवाढ होऊ देणार नाही, अशा प्रतिज्ञेवर सह्या करून फोटो काढले होते. सात महिन्यांत शुल्काची मर्यादा जवळपास तिप्पट होऊन ९,००० पौंड झाली, आणि तीही त्यांच्याच मंत्र्याच्या खात्यातून. मतदानाची पद्धत बदलण्याचे सार्वमत त्यांनी पदरात पाडून घेतले होते. मे २०११मध्ये ते ६७.९ टक्के विरोधी मतांनी बुडाले. गरीब विद्यार्थ्यांसाठी शाळांना जादा निधी, कमी पगारदारांना आयकरात सवलत, ही त्यांची कामे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. श्रेय हुजूर पक्षाने घेतले, शिव्या क्लेग यांनी खाल्ल्या. २०१५ साली ५७चे ८ झाले.

उत्तर आयर्लंडच्या ब्रिटननिष्ठ डीयूपीने यातून धडा घेतला असावा. २०१७ साली टेरिसा मे यांचे बहुमत गेले, तेव्हा डीयूपीचे दहा खासदार होते. मंत्रिपद नको, बाहेरून पाठिंबा देतो. उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंड जादा द्या. म्हणजे दर मतामागे दहा कोटी, अशी टवाळी झाली. हा रोखीचा व्यवहार पुढे चुकला तो लोभापायी नव्हे, तर ताठरपणापायी. मे यांच्या ब्रेक्झिट कराराविरुद्ध त्यांनी प्रत्येक वेळी मत दिले. मग जॉन्सन आले आणि त्यांनी व्यापाराची सीमा सरळ आयरिश समुद्रात नेऊन ठेवली, जे डीयूपीला मुळीच नको होते. जॉन्सनना ८०चे बहुमत मिळाल्यावर दहा जणांना विचारतो कोण?

त्याच उत्तर आयर्लंडातला आयरिश राष्ट्रवादी शिन फेन तर जागा रिकामी ठेवून राजकारण करतो. राजनिष्ठेची शपथ घ्यायची नाही, म्हणून त्यांचे खासदार सभागृहात बसतच नाहीत. ही प्रथा १९१७पासूनची. कॉमन्सवर निवडून आलेली पहिली स्त्री, कॉन्स्टन्स मार्कीविच, शिन फेनचीच. तिनेही आपली जागा घेतली नाही. २०१७ साली या पक्षाच्या सात रिकाम्या बाकांमुळे बहुमताचा आकडा खाली आला आणि डीयूपीच्या दहा मतांची किंमत वाढली. कट्टर शत्रूने नकळत केलेला उपकार!

याहून लहान पक्षांचीही दखल घ्यायला हवी. १९८० साली वेल्श भाषेच्या दूरचित्रवाहिनीचे आश्वासन थॅचर सरकारने फिरवले, तेव्हा प्लाइड कम्रीचे ग्विन्फोर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. ते तेव्हा खासदारही नव्हते. कोणापुढे न नमणाऱ्या म्हणून ख्याती असलेल्या बाईंचे सरकार ठरलेल्या दिवसाआधीच नमले आणि १९८२ साली वाहिनी सुरू झाली. किडरमिन्स्टरच्या रुग्णालयातला अपघात विभाग बंद केल्याच्या संतापात २००१ साली रिचर्ड टेलर हे निवृत्त डॉक्टर उभे राहिले. मजूर पक्षाच्या मंत्र्याला त्यांनी १७,६३० मतांनी हरवले आणि २००५ साली पुन्हा जिंकले.

आणि ‘स्क्रीमिंग लॉर्ड सच’. उंच टोपी घालून प्रत्येक पोटनिवडणुकीत अनामत रक्कम गमावणारा हा रॉक गायक. त्याच्या पक्षाचे नावच ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी, म्हणजे अधिकृत ठार वेड्यांचा पक्ष. १९६३ साली मताधिकाराचे वय १८ करा म्हणून तो उभा राहिला, तेव्हा लोक हसले; १९६९ साली तसा कायदा झाला. पब दिवसभर उघडे ठेवा, ही त्याच्या पक्षाची मागणीही १९८८ साली सरकारने मान्य केली. मे १९९०मध्ये बूटलच्या पोटनिवडणुकीत सचला ४१८ मते पडली आणि माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला १५५. ओवेन यांनी काही दिवसांतच पक्ष गुंडाळला. वेड्यांचा पक्ष अजून चालू आहे.

४ जुलै २०२४च्या निवडणुकीने हे गणित टोकाला नेले. कीर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ३३.७ टक्के मते आणि ६५०पैकी ४११ जागा. एकूण मते ९७ लाख, म्हणजे २०१९ साली दारुण हरलेल्या जेरेमी कॉर्बिन यांच्या मतांपेक्षाही कमी. हुजूर पक्ष १२१वर आला; फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने १४.३ टक्के मते खाऊन त्यांना मुळासकट उपटले आणि स्वतः पाच जागा मिळवल्या. फराज आठव्या प्रयत्नात प्रथमच खासदार झाले. मजूर पक्षाला एका खासदारामागे सुमारे २४ हजार मते लागली, रिफॉर्मला आठ लाखांहून अधिक. दुसऱ्या टोकाला एड डेव्ही यांच्या लिबरल डेमोक्रॅटांनी रिफॉर्मपेक्षा कमी मतांत ७२ जागा काढल्या, कारण त्यांनी शक्ती निवडक मतदारसंघांतच लावली. ग्रीन पक्षाच्या चार जागा आल्या.

रिफॉर्म पक्ष ९८ मतदारसंघांत दुसरा होता, त्यांतले बहुतेक मजूर पक्षाकडचे. मे २०२५मध्ये रंकॉर्नची पोटनिवडणूक त्याने सहा मतांनी जिंकली आणि त्याच दिवशीच्या स्थानिक निवडणुकांत ६७७ जागा घेतल्या. अकरा दिवसांनी स्टार्मर सरकारने स्थलांतरावर निर्बंध घालणारी श्वेतपत्रिका मांडली. ती आधीपासून तयार होत होती, हे खरे. पण परक्यांचे बेट होण्याचा धोका सांगणारे पंतप्रधानांचे भाषण कोणाला उद्देशून होते, हे सांगायला नको. त्या शब्दांबद्दल पुढे त्यांनी खेदही व्यक्त केला. कॉमन्समध्ये रिफॉर्मची तेव्हा पाच-सहा माणसे, आणि ४११ जणांचे सरकार त्यांच्या सुरात सूर मिसळत होते: कॅमेरॉन यांनी केली तीच चूक स्टार्मर यांनीही केली. मूळ माल बाजारात असताना नक्कल कोणी घेत नाही, याचा अनुभव हुजूर पक्षाने त्याआधीच घेतला होता.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा ठराव मजूर पक्षाच्याच अधिवेशनाने २०२२ साली मंजूर केला होता. डिसेंबर २०२४मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या सेरा ओल्नी यांनी तशा विधेयकाची परवानगी कॉमन्समध्ये मागितली, ती १३८ विरुद्ध १३६ मतांनी मिळाली. अशा खासगी विधेयकाला पुढे जायचे तर सरकारने वेळ द्यावा लागतो. एकतृतीयांश मतांवर जवळपास दोनतृतीयांश जागा मिळालेल्या सरकारने तो दिला नाही.